चीनमधील विद्यार्थिजीवन : वुहानमधले रोजचे दिवस

धागाकर्ता : पंचगंगाकाठ

चीनमधील बहुतेक विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांचे वसतिगृह वेगळे असते. चिनी मुले एका खोलीत चौघे, काही ठिकाणी सहा किंवा आठ जण राहतात आणि अनेक वसतिगृहांत रात्री अकराच्या सुमारास त्यांचे दिवे घालवले जातात. आपल्याला मात्र दोघांत एक खोली, खोलीला जोडून न्हाणीघर आणि मजल्यावर एक सामाईक स्वयंपाकघर मिळते. इंग्रजी माध्यमाचे वर्गही परदेशी विद्यार्थ्यांपुरतेच भरतात. ही सोय चांगल्या हेतूने केलेली आहे, परंतु तिचा परिणाम असा होतो की एखाद्याने ठरवले, किंवा काहीच ठरवले नाही, तरी तो तीन-चार वर्षे चीनमध्ये काढून चिनी माणसांशी चार वाक्येही न बोलता परत जाऊ शकतो. अशी मुले मी पाहिली आहेत आणि मला त्याचे मनापासून वाईट वाटते. मी मूळचा कोल्हापूरचा, २०२३ च्या सप्टेंबरमध्ये जलअभियांत्रिकीच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी वुहानला आलो आणि आता शेवटच्या वर्षाला आहे. त्या वेगळ्या इमारतीबाहेरचे रोजचे जगणे कसे असते आणि त्यात शिरायचे कसे, एवढ्यापुरताच हा धागा आहे.

सुरुवातीचे दिवस कागदपत्रांत जातात. एक्स-१, म्हणजे दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या विद्यार्थ्याला देशात आल्यापासून ३० दिवसांच्या आत निवास परवान्यासाठी अर्ज करावा लागतो आणि त्यापूर्वी वैद्यकीय तपासणी होते. वसतिगृहाबाहेर भाड्याने राहायचे असेल तर २४ तासांच्या आत स्थानिक पोलीस ठाण्यात नोंद करणे बंधनकारक आहे. पासपोर्ट दाखवून सिमकार्ड, त्या क्रमांकावर बँक खाते आणि त्या खात्यावर वीचॅट (निरोप आणि पैसे दोन्हींचे ॲप) व अलीपे (पैसे देण्याचे ॲप), हा क्रम पाळला की पुढचे सगळे मार्गी लागते. भाजीवालीपासून बसपर्यंत सर्वत्र मोबाइलनेच पैसे दिले जात असल्याने हा टप्पा जितक्या लवकर उरकेल तितके बरे. चिनी शासनाची शिष्यवृत्ती असेल तर पदव्युत्तर विद्यार्थ्याला दरमहा ३,००० युआन मिळतात (पदवीला २,५०० आणि पीएच.डी.ला ३,५००). युआन साधारण १२ रुपयांना धरला आणि कॅन्टीनचे एक जेवण १० ते १५ युआनला पडते हे लक्षात घेतले, तर काटकसरीने राहणाऱ्याचे त्यात व्यवस्थित भागते.

घरी फोन करणे हा मात्र भारतीय विद्यार्थ्यापुढचा खास प्रश्न आहे. चीनमध्ये व्हॉट्सॲप, गूगल, इन्स्टाग्राम आणि यूट्यूब बंद आहेत, आणि चीनमध्ये ज्याच्यावाचून पान हलत नाही त्या वीचॅटवर भारताने जून २०२० मध्ये बंदी घातली. म्हणजे इथल्या मित्रांशी ज्यावरून बोलतो त्यावरून आईशी बोलता येत नाही, आणि आई ज्यावरून बोलते ते इथे उघडत नाही. दोन्ही घरी आयफोन असतील तर फेसटाइम चालते. भारतीय सिमवर रोमिंग चालू ठेवले तर त्या डेटावर व्हॉट्सॲपही चालते, कारण ती जोडणी भारतीय कंपनीच्या जाळ्यातून जाते. ते सिम असेही चालू ठेवावेच लागते, नाहीतर बँकेचा ओटीपी येणार नाही. चीनचे घड्याळ आपल्या अडीच तास पुढे असते. त्यामुळे रात्री साडेनऊला प्रयोगशाळेतून परतलो की घरी सात वाजलेले असतात आणि सगळे भेटतात.

आता कॅन्टीनविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण माझ्या मते चीनमधील विद्यार्थिजीवनात शिरण्याचे पहिले दार तेच आहे. वेळा कडक असतात. दुपारचे जेवण साडेअकराच्या आसपास सुरू होते आणि एकनंतर गेलात तर तळाला राहिलेले मिळते. संध्याकाळचे जेवण पाचलाच सुरू होते, हे आपल्या पोटाला पचायला काही आठवडे लागतात. प्रत्येक खिडकीवर वेगळा पदार्थ असतो आणि भात ल्यांगच्या मापाने सांगतात. एक ल्यांग म्हणजे ५० ग्रॅम. गर्दीत आवाज पोहोचत नाही तेव्हा आकडा बोटांनी दाखवतात, आणि हे आकडे आपल्यासारखे नसतात : अंगठा व करंगळी ताणून बाकीची बोटे मिटली की सहा, अंगठा व तर्जनी उघडली की आठ. सहा युआनचा पदार्थ आहे हे खिडकीपलीकडच्या बाईंनी हाताने सांगितले आणि आपल्याला कळले, की त्या पुढच्या वेळी आपल्याशी दोन शब्द बोलतात.

वुहानची सकाळ तर स्वतंत्र लिहिण्याजोगी आहे. इथे नाश्ता घरी करण्यापेक्षा रस्त्यावर करण्याची रीत आहे आणि त्यात पहिला मान रगानम्येन या नूडल्सचा. आदल्या दिवशी उकडून तेल चोळून ठेवलेल्या नूडल्स बांबूच्या जाळीत घेऊन उकळत्या पाण्यात काही क्षण बुडवतात, झटकून कागदी वाटीत टाकतात, वरून तिळाची दाट पेस्ट, सोया सॉस, खारवलेल्या मुळ्याचे बारीक तुकडे, आंबवलेली चवळीची शेंग आणि कांद्याची पात घालतात. ती वाटी हातात घेऊन माणसे चालता चालता खातात. कचेरीत निघालेले, शाळेतली मुले, सगळेच. लगेच ढवळली नाही तर तिळाची पेस्ट घट्ट होऊन बसते. शेजारच्या कढईत म्येनवो तळत असतात : तांदूळ आणि सोयाबीन वाटून केलेल्या पिठाचे, आले आणि पात घातलेले, मेदूवड्याच्या आकाराचे, काठाला जाड आणि मध्ये कुरकुरीत. पाच-सहा युआनमध्ये सकाळ भागते.

प्रयोगशाळेचे जग वेगळे आहे. मार्गदर्शक प्राध्यापकांच्या हाताखालील वरच्या वर्गातल्या मुलाला शी-श्युंग आणि मुलीला शी-च्ये म्हणतात, म्हणजे आपल्याकडचे दादा आणि ताईच, आणि ही नाती निभावली जातात. माझ्या नदीप्रवाहाच्या प्रारूपाची पहिली आकडेमोड शी-च्येने रात्री उशिरापर्यंत बसून तपासून दिली होती. आठवड्याला एकदा गटाची बैठक होते, तिथे प्रत्येकाला आपले काम मांडावे लागते. सूचना वीचॅटच्या गटावर येतात आणि त्याखाली प्रत्येकाने ‘शोउताओ’, म्हणजे मिळाले, असे लिहायचे असते. तीस जणांचे तीस ‘शोउताओ’ एका मिनिटात खाली येतात. जो लिहीत नाही त्याला सूचना कळली नाही असे धरले जाते, हे लक्षात ठेवावे. जेवणानंतर दोन वाजेपर्यंत वामकुक्षी असते, आणि ती खरोखरच सगळे घेतात : दिवे मालवतात, घडीची खाट उघडतात किंवा टेबलावर उशी ठेवून झोपतात. त्या वेळात कोणाला फोन करू नये. मग रात्री दहापर्यंत काम चालते. डिसेंबरच्या अखेरीस पदव्युत्तर प्रवेशाची देशव्यापी परीक्षा असते. तिच्या आधीच्या महिन्यांत ग्रंथालय उघडण्यापूर्वी अंधारात रांग लागलेली असते आणि काही मुले त्या थंडीत उभ्या उभ्या पाठांतर करत असतात. त्या रांगेकडे पाहून त्यांच्या कष्टांविषयी मला फार आदर वाटत आला आहे.

ज्यांचा अनुभव वेगळ्या शहरातला, वेगळ्या अभ्यासक्रमातला आहे त्यांनी अवश्य लिहावे.

प्रतिसाद : अजिंक्यतारा

लेख अतिशय उपयुक्त आहे. माझी मुलगी पुढच्या वर्षी एका वर्षाच्या चिनी भाषेच्या अभ्यासक्रमासाठी वुहानलाच जाण्याच्या विचारात आहे. आम्ही साताऱ्याचे, घरात अंडेसुद्धा येत नाही. एका मध्यस्थाने आम्हांला सांगितले की शाकाहारी जेवण सर्वत्र सहज मिळते. हे कितपत खरे आहे? आणि एकट्या मुलीने संध्याकाळनंतर बाहेर पडणे कितपत सुरक्षित आहे, हेही मोकळेपणाने सांगावे. कागदावर सगळे चांगलेच दिसते. आईवडिलांना रोजचे काय ते हवे असते.

प्रतिसाद : पंचगंगाकाठ

काका, मध्यस्थाचे म्हणणे जसेच्या तसे घेऊ नका. भाज्या भरपूर मिळतात आणि त्या ताज्या असतात, परंतु भाजीची कढई आणि मांसाची कढई वेगळी नसते, परतायला कधी डुकराची चरबी असते आणि वरून कोंबडीच्या अर्काची पूड पडते. ‘मी शाकाहारी आहे’ एवढेच सांगितले तर पुष्कळदा मांसाचे तुकडे वगळून तीच भाजी देतात, कारण त्यांच्या मते तुकडे काढले की काम झाले. म्हणून ‘मांस नको, चरबी नको, कोंबडीची पूड नको’ असे तिन्ही सांगावे लागते, आणि हे तीन नकार चिनीत पाठ करून येणे हीच खरी तयारी. नावाने मागण्यासारखे पदार्थ म्हणजे बटाट्याचा बारीक कीस व्हिनेगर आणि लाल मिरचीवर परतलेला, वांगे-बटाटा-ढोबळी मिरचीची तीसानश्येन, लसणावर परतलेल्या पालेभाज्या आणि टोफूचे अनेक प्रकार. वर लिहिलेल्या रगानम्येनमध्येही काही गाड्यांवर मांसाचा मसालेदार रस्सा चमचाभर घालतात, तो नको म्हणून सांगावे. बौद्ध मंदिरांच्या आसपासची शाकाहारी उपाहारगृहे मात्र निर्धास्तपणे जेवण्यासारखी आहेत. तिथे कांदा-लसूणही नसतो. अंडे चालत नसेल तर रोजचे एक जेवण तरी स्वतः करावे लागेल. खोलीत शेगडी किंवा भाताचा कुकर लावायला बंदी असते आणि जास्त विजेचे उपकरण लावले की वीज जाते, त्यामुळे मजल्यावरच्या सामाईक स्वयंपाकघराची चौकशी प्रवेश घेतानाच करा. तूरडाळ आणि मसाले ताओबाओ या ऑनलाइन बाजारात मिळतात.

सुरक्षिततेबाबत मी मनापासून सांगतो की रस्त्यावर रात्री फिरण्याची भीती इथे वाटत नाही. आमच्या वर्गातल्या मुली ग्रंथालयातून रात्री अकराला एकट्या परततात, आणि संध्याकाळी प्रत्येक चौकात वयस्कर बायका गाणे लावून एकत्र नाचत असतात, त्यामुळे रस्ते ओस पडत नाहीत. खरा धोका विजेवरच्या दुचाक्यांचा आहे. त्या आवाज न करता येतात, पदपथावरूनही येतात आणि उलट दिशेनेही येतात. मुलीला कानात इयरफोन घालून चालू नकोस, एवढे जरूर सांगा.

प्रतिसाद : पांढरा डगला

मी नागपूरची, एमबीबीएसच्या चौथ्या वर्षाला, वुहानपासून काही तासांवरच्या शहरात शिकते. पंचगंगाकाठ दादांनी ज्या वेगळ्या इमारतीविषयी लिहिले आहे ती आम्हां वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या बाबतीत जास्त त्रासदायक ठरते, म्हणून सविस्तर लिहिते.

आमचा अभ्यासक्रम इंग्रजीत शिकवला जातो. परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजीतून वैद्यकशास्त्र शिकवण्याची परवानगी चीनमध्ये ४५ विद्यापीठांना आहे. पहिली तीन वर्षे शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र अशी जातात आणि तोपर्यंत चिनीवाचून अडत नाही. चौथ्या वर्षी वॉर्डात पाऊल ठेवले की सगळेच बदलते, कारण रुग्ण इंग्रजी बोलत नाही. इतकेच नव्हे, तो आम्ही शिकलेली प्रमाण चिनीही पुष्कळदा बोलत नाही. हुपेइ प्रांतातल्या (वुहान याच प्रांतात आहे) अनेक बोलींत न आणि ल यांच्यात भेद राहत नाही. छातीत दुखते म्हणून आलेले सत्तरीतले आजोबा जेव्हा दुखणे कधीपासून, कुठे आणि कसे ते सांगू लागतात, तेव्हा पुस्तकातली चिनी अपुरी पडते. आमच्या वॉर्डातल्या परिचारिका अशा वेळी आजोबांचे वाक्य सावकाश, प्रमाण उच्चारांत पुन्हा म्हणून दाखवतात. मी त्यांच्याबरोबर सकाळच्या फेरीआधी अर्धा तास लवकर जाऊन बसू लागले, आणि रुग्णाचा इतिहास घेणे मला तिथे समजले. ज्या मुलामुलींनी पहिल्या तीन वर्षांत भाषा बाजूला ठेवली ती आता फेरीत मागच्या रांगेत उभी असतात. त्यांचा अभ्यास कमी नाही, त्यांना फक्त रुग्णाशी बोलता येत नाही, आणि हे पाहून फार वाईट वाटते.

भारतात परत येऊन व्यवसाय करायचा तर एफएमजीई, म्हणजे परदेशातून वैद्यकीय पदवी घेतलेल्यांची परीक्षा, द्यावी लागते : ३०० प्रश्न, उत्तीर्ण व्हायला १५०. सप्टेंबर २०२२ मध्ये बीजिंगच्या भारतीय दूतावासाने विद्यार्थ्यांसाठी काढलेल्या सूचनेत २०१५ ते २०२१ या काळात चीनमधून शिकलेल्यांपैकी सुमारे १६ टक्केच या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचे म्हटले होते. हा आकडा प्रवेशाआधी प्रत्येक पालकाने वाचावा असे माझे मत आहे. शिवाय भारताच्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर २०२१ च्या नियमांप्रमाणे अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा आणि त्यावर १२ महिन्यांची आंतरवासिता त्याच परदेशी संस्थेत पूर्ण व्हावी लागते. ‘शेवटचे वर्ष भारतात काढता येईल’ असे सांगणाऱ्या मध्यस्थांवर विश्वास ठेवू नये. म्हणजे रुग्णाशी चिनीत बोलण्यापासून सुटका नाही, आणि ते जमले तर चीनमधल्या रुग्णालयांत शिकण्यासारखे प्रचंड आहे, कारण रुग्णसंख्या मोठी आहे आणि यंत्रसामग्री उत्तम आहे.

स्वतः आजारी पडल्यास काय, हेही सांगते. लहान दवाखाने कमी. तापालाही माणसे मोठ्या रुग्णालयातच जातात. आधी यंत्रावर पासपोर्टने विभाग निवडून क्रमांक घ्यायचा, प्रत्येक तपासणीचे पैसे तपासणीआधी भरायचे, आणि रक्ताचा अहवाल बहुधा त्याच दिवशी मिळतो. विद्यार्थ्यांचा विमा वर्षाला ८०० युआनचा असतो. त्याच्या परताव्यासाठी प्रत्येक पावती जपून ठेवावी.

प्रतिसाद : सिद्धेश्वर तलाव

मी सोलापूरचा, हपेइ (हुपेइ नव्हे) प्रांताच्या राजधानीत, शिच्याच्वांगमध्ये (शिजियाझुआंग), साहित्यविज्ञानात (मटेरियल सायन्समध्ये) पीएच.डी. करतो. उत्तरेकडचे दोन अनुभव या धाग्यात असावेत असे वाटते.

पहिला थंडीचा. छिनलिंग पर्वत आणि ह्वाय नदी यांना जोडणाऱ्या रेषेच्या उत्तरेला इमारतींना सामुदायिक तापयंत्रणा असते आणि दक्षिणेला नसते. हे धोरण १९५० च्या दशकापासूनचे आहे. आमच्याकडे १५ नोव्हेंबरला भिंतीजवळच्या नळ्या गरम होतात त्या १५ मार्चपर्यंत. बाहेर उणे दहा असले तरी खोलीत मी सदऱ्यावर असतो, आणि हवा इतकी कोरडी होते की ओठ फुटतात व दाराच्या कडीला हात लावला की विजेचा चटका बसतो. ओला टॉवेल नळीवर वाळत टाकून झोपावे लागते. वुहान त्या रेषेच्या दक्षिणेला येते. तिथले तापमान आमच्याइतके खाली जात नाही, पण घराच्या आत आणि बाहेर थंडी सारखीच असते. तेव्हा कपडे घेताना शहर रेषेच्या कोणत्या बाजूला आहे ते आधी पाहावे.

दुसरा अनुभव मला अधिक जवळचा आहे. इथल्या हुतात्मा स्मारक उद्यानात डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांची समाधी आणि पुतळा आहे. सोलापुरात १९१० मध्ये जन्मलेले आणि मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकाबरोबर चीनला आले. पथकात नागपूरचे डॉ. चोळकरही होते. बाकीचे परत गेले, कोटणीस राहिले, बेथून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे प्रमुख झाले, को छिंगलान यांच्याशी त्यांनी विवाह केला आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या ३२ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. छिंगमिंगच्या दिवशी, एप्रिलच्या सुरुवातीला, चिनी माणसे पूर्वजांच्या समाध्या झाडून स्वच्छ करतात. त्या दिवशी मी स्मारकात गेलो तेव्हा शाळेतली मुले गळ्यात लाल रुमाल बांधून कोटणिसांच्या पुतळ्यापुढे कागदी पांढरी फुले ठेवत होती. त्यांच्या शिक्षिकेने मला विचारले, कुठले? मी सोलापूर म्हटल्यावर त्यांनी मुलांना थांबवले आणि हे गाव कोणाचे ते त्यांनाच विचारले. उत्तर पहिल्या रांगेतूनच आले. आमच्या विभागातल्या एका निवृत्त प्राध्यापकांनी तेव्हापासून मला ‘ख डॉक्टरांच्या गावचा’ अशीच ओळख दिली आहे. कोटणिसांचे चिनी नाव ख तीह्वा. सोलापूरचा असल्याचा इतका अभिमान मला सोलापुरात असताना कधी वाटला नव्हता.

प्रतिसाद : मुळामुठा

मी पुण्यात चिनी शिकवते आणि पूर्वी दोन वर्षे नानजिंगमध्ये विद्यार्थिनी होते. भाषेविषयी एक गोष्ट सांगते, कारण ती मराठी मुलांच्या फायद्याची आहे आणि इंग्रजी पुस्तकांतून शिकल्यामुळे त्यांच्या लक्षात येत नाही. रोमन लिपीतल्या चिनी लेखनाला पिनयिन म्हणतात. त्यात बी, डी, जी ही अक्षरे दिसली की मुले ब, द, ग म्हणतात. प्रत्यक्षात ते प, त, क आहेत, आणि पी, टी, के म्हणजे फ, थ, ख, त्यातला फ दोन्ही ओठ मिटून उच्चारलेला. चिनीत भेद अल्पप्राण आणि महाप्राण यांचा आहे आणि तो आपण बाराखडीबरोबर शिकलेला असतो. तसेच झेड म्हणजे ‘चमचा’मधला च आणि जे म्हणजे ‘चहा’मधला च. हे दोन्ही च मराठी माणसाच्या जिभेवर आधीपासून आहेत. अन्य भाषिक वर्गमित्र त्यासाठी महिनोन्‌महिने झगडतात. शब्दाचा अर्थ बदलणारे चार सूर मात्र सर्वांनाच नव्याने शिकावे लागतात, आणि सुटा शब्द न घोकता पूर्ण वाक्य ऐकून म्हणणे हाच त्यावरचा उपाय आहे.

व्यवहारातली पहिली खरी परीक्षा फोनवर होते. जेवण मागवले की आणून देणारा फाटकावरून फोन करतो आणि मोबाइल क्रमांकाचे शेवटचे चार आकडे घाईघाईत विचारतो. त्यात एक या आकड्याला ‘यी’ न म्हणता ‘याओ’ म्हणतात, हे वर्गात उशिरा शिकवतात. पार्सलचेही तसेच. टपालाच्या खोलीचा संदेश येतो, त्यात मांडणीचा क्रमांक, कप्प्याचा क्रमांक आणि पाकिटाचे चार आकडे असतात. ते वाचून आपण स्वतः पाकीट शोधायचे आणि यंत्राखाली धरून बाहेर पडायचे. ११ नोव्हेंबरच्या मोठ्या ऑनलाइन सवलतीच्या खरेदीनंतर त्या खोलीबाहेर पाकिटांचे ढीग लागतात आणि शोधताना शेजारच्याशी बोलणे होतेच.

प्रतिसाद : अजिंक्यतारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. मुलीने तीन नकारांचे वाक्य आजच लिहून घेतले. चिनी नववर्षाच्या सुट्टीत परदेशी विद्यार्थी काय करतात? त्या काळात ती एकटी पडेल की काय, अशी तिच्या आईला चिंता आहे. तसेच येताना काय आणावे आणि पोहोचावे कसे, तेही सांगावे.

प्रतिसाद : पंचगंगाकाठ

काका, काकूंची चिंता रास्त आहे. जानेवारीच्या मध्यापासून आवार रिकामे होऊ लागते. कॅन्टीनच्या बहुतेक खिडक्या बंद होतात आणि सणाच्या आठवड्यात बाहेरची लहान दुकानेही बंद असतात. राहणाऱ्यांनी तांदूळ, भाज्या, पीठ आधी भरून ठेवावे. मात्र भाषा थोडी आली असेल आणि वर्षभर शेजारच्यांशी बोलणे ठेवले असेल, तर या दिवसांत कोणी ना कोणी घरी बोलावतेच.

मला शी-श्युंगने ह्वांगकांग भागातल्या आपल्या गावी नेले. घराला तापयंत्रणा नव्हती. लाकडी चौकटीखाली निखाऱ्यांचे घमेले, चौकटीवर रजई आणि त्या रजईत सगळ्यांचे पाय, अशी तीन पिढ्यांची माणसे दिवसभर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलत होती. त्या भागात तळ्यांतून कमळकंद काढतात आणि डुकराच्या बरगड्यांबरोबर त्याचे सार करतात. मी डुकराचे मांस खात नाही हे शी-श्युंगने आधीच कळवले होते, म्हणून आजींनी माझ्यासाठी वेगळ्या पातेल्यात शेंगदाणे घालून कमळकंद शिजवला होता, आणि माझी वाटी रिकामी होऊ द्यायची नाही असा त्यांनी निश्चयच केला होता. दुसऱ्या दिवशी नातेवाइकांकडे नमस्काराला गेलो. वडिलांचा थोरला भाऊ, धाकटा भाऊ, आईचा भाऊ, आत्या, मावशी या प्रत्येकासाठी चिनीत वेगळा शब्द असल्याने माझ्या घरातली सगळी नाती मला नेमकी सांगता आली, आणि आजींनी ती एकेक करून पुन्हा विचारून घेतली. पगार किती मिळेल, लग्न केव्हा, असे प्रश्न बिनदिक्कत विचारतात. ते आपुलकीचे समजावेत. राजकारणाचा विषय कोणी काढला नाही, मीही काढत नाही, आणि वीचॅटवर तर तो नकोच.

आणण्याच्या वस्तूंत आधी औषधे, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. वीज २२० व्होल्टचीच आहे, पण आपला गोल पिनांचा प्लग इथे बसत नाही, म्हणून दोन-तीन अडॅप्टर आणावेत. थंडीचे जाड कपडे इथेच स्वस्त मिळतात. आतून घालायचे गरम कपडे मात्र भारतातून आणावेत. शुद्ध शाकाहारी आहात म्हणून मेतकूट, गोडा मसाला आणि चटण्या आणाच. तिरफळ आणायची गरज नाही, कारण सिचुआनची जीभ बधिर करणारी मिरी त्याच कुळातली आहे आणि ती इथल्या प्रत्येक दुकानात मिळते. अर्थात सवय नसेल तर जेवण मागवताना ती नको म्हणून सांगावे.

प्रवासाबाबत : २०२० पासून बंद असलेली थेट विमाने ऑक्टोबर २०२५ मध्ये कोलकाता–ग्वांगझोऊ मार्गाने पुन्हा सुरू झाली. तोपर्यंत आम्हांला बँकॉक, हाँगकाँग किंवा क्वालालंपूरमार्गे यावे लागत होते. ग्वांगझोऊहून वुहान हे साधारण १,००० किलोमीटरचे अंतर जलद रेल्वेने चार तासांत कापता येते. तिकीट पासपोर्टच्या क्रमांकावर काढले जाते, म्हणून नावाची अक्षरे पासपोर्टप्रमाणेच लिहावीत. स्वयंचलित फाटके चिनी ओळखपत्रासाठी असतात. तिने कडेच्या, कर्मचारी उभा असलेल्या फाटकातून पासपोर्ट दाखवून जावे. स्थानकाच्या दारातच सामानाची तपासणी होते आणि गाडी सुटण्याच्या काही मिनिटे आधी फाटक बंद होते, त्यामुळे मोठ्या बॅगा असताना तासभर आधी पोहोचलेले बरे. तिच्या गाडीची वेळ ठरली की इथेच कळवा. वुहान स्थानकावर तिला घ्यायला आमच्यापैकी कोणीतरी नक्की येईल.